डोंगर तांबडे की निळे?

तुमच्या नकाशासंग्रहात ब्रिटनचे पान उघडा. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ‘केर्नगॉर्म’ ही पर्वतरांग सापडेल. येथे पूर्वी गेलिक भाषा सर्रास बोलली जाई. गेलिकमध्ये ‘कार्न’ म्हणजे दगडांची रास किंवा खडकाळ डोंगर आणि ‘गॉर्म’ म्हणजे निळा. पण गंमत अशी, की गेलिक लोक या रांगेला ‘अम मोनग रूअग’, म्हणजे ‘तांबडे डोंगर’ म्हणत! मग खरे कोणते?

उत्तर खडकात आहे. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भात शिलारस थंड होऊन येथील ग्रॅनाइट तयार झाला. त्यातील फेल्स्पार या खनिजामुळे त्याला गुलाबी-तांबूस छटा आली. स्पे नदीपलीकडच्या रांगेचे नाव मात्र ‘अम मोनग लिअ’, म्हणजे ‘करडे डोंगर’. तेथे मुख्यतः शिस्ट हा करडा, पापुद्र्यांचा खडक आहे. पाहिलेत? भूशास्त्राचा नकाशा तयार होण्याच्या कितीतरी आधी गुराख्यांनी दोन खडकांतला भेद नावांत नोंदवून ठेवला होता!

आणि निळा रंग? केर्नगॉर्म हे खरे तर १,२४५ मीटर उंचीच्या एकाच शिखराचे नाव. पुढे ते साऱ्या रांगेला मिळाले. दूरचा डोंगर निळसर दिसतो, कारण मधल्या हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात. शिवाय गेलिक माणूस हिरव्यागार गवतालाही ‘गॉर्म’ म्हणतो. वर्णपट तोच, पण त्यात कुंपणे कोठे घालायची, हे प्रत्येक भाषा आपल्या परीने ठरवते.

आता स्पेकाठचे ‘किंग्यूसी’ गाव पाहा. इंग्रजी वाचकाला त्यात ‘किंग’, म्हणजे राजा दिसेल. पण येथे राजाचा काही संबंध नाही! मूळ शब्द ‘क्यान’, म्हणजे डोके किंवा टोक. गावाच्या नावाचा अर्थ ‘पाइनच्या वनाचे टोक’. त्या प्राचीन पाइन अरण्याचे आज थोडेच तुकडे उरले आहेत. ते पूर्वी कोठवर पसरले होते, हे शोधणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाला असे नाव म्हणजे एक पुरावाच. अर्थात परागकणांसारख्या दुसऱ्या पुराव्याशी तो ताडून पाहावा लागतो.

पण हा पुरावा वाचणार कोण? २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडच्या सुमारे ५४ लाख वस्तीपैकी गेलिक थोडीफार जाणणारे साधारण १ लाख ३० हजार भरले. भाषा विसरली, तरी नाव नकाशावर राहते. त्यातली माहिती मात्र मुकी होते.

तेव्हा नकाशासंग्रह मिटण्यापूर्वी एवढे करा. ‘इनव्हर’ म्हणजे नदीचे मुख. ‘इनव्हर’ने सुरू होणारी गावे शोधा आणि प्रत्येकाजवळ कोणती नदी कोठे मिळते, ते पाहा. सुरुवात इनव्हरनेसपासून करा. तेथील नदीचे नाव सांगायला शिक्षकांची गरज पडणार नाही!