पुळणीखालची पोकळी

ओहोटीच्या वेळी गुहागरच्या पुळणीवरून समुद्राकडे चालू लागले म्हणजे, माडांलगतच्या कोरड्या वाळूत घोट्यापर्यंत रुतणारे पाऊल भरतीने नुकत्याच सोडलेल्या ओल्या पट्ट्यावर जेमतेम उमटते, आणि ते टेकताक्षणीच त्याच्या सभोवारची चकाकणारी वाळू फिकट व कोरडी दिसू लागते. आपल्या भाराने पाणी पिळून निघाले असावे असा सर्वसाधारण समज होतो. परंतु तसे असते तर ते पाणी वर दिसावयास हवे होते. मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी १८८५ साली या कोड्याचा उलगडा केला. रबराच्या पिशवीत वाळू व पाणी भरून, तिच्या तोंडी काचेची नळी बसवून त्यांनी ती दाबली, तेव्हा नळीतील पाणी चढण्याऐवजी खाली उतरले! घट्ट बसलेल्या कणांना हलावयाचे तर शेजारच्या कणाच्या खांद्यावर चढल्यावाचून गत्यंतर नसते. त्या धडपडीत मधल्या पोकळ्या विस्तारतात, पाणी आत शोषले जाते, आणि त्या शोषणानेच कण परस्परांवर अधिक आवळले जातात.

ही पोकळी किती, हे कणांच्या रचणीवर ठरते: सारखे गोल एकावर एक सरळ रचले तर सुमारे ४८ टक्के जागा रिकामी राहते आणि प्रत्येक गोल सहांना स्पर्श करतो. तेच खोबणीत दाटून बसविले तर रिकामी जागा २६ टक्क्यांवर येते व स्पर्श बारा होतात. वाळूत पहार खुपसताना होणारा विरोध मुख्यत्वे या स्पर्शांचा असतो. अर्थात सच्छिद्रतेच्या आकड्यावर सारा निवाडा सोपविता येत नाही: कण टोकदार असले, चुन्याने वा लोहद्रव्याने सांधले गेले असले, किंवा वरच्या थरांचा भार मोठा असला, तर तितक्याच पोकळीची वाळू कितीतरी अधिक अडते. सैल वाळूची गोष्ट याच्या विपरीत. ती पाण्याने भरलेली असताना हादरली की कण पोकळीत कोसळू पाहतात, भार पाण्यावर पडतो आणि आधार नाहीसा होतो. १९६४ च्या भूकंपात जपानातील निगाता येथे काही इमारती न मोडता सबंधच्या सबंध कलंडल्या, त्या यामुळेच. म्हणूनच पाया घालण्यापूर्वी ६३.५ किलोग्रॅमचा हातोडा ७६ सेंटिमीटरांवरून पाडून, जमिनीत ठोकली जाणारी नळी ३० सेंटिमीटर उतरावयास किती ठोके लागतात याची नोंद करण्याचा रिवाज पडला आहे. चाराहून कमी ठोके म्हणजे अतिशय सैल वाळू, पन्नासावर म्हणजे अतिशय घट्ट.

माझे मन मात्र हातोड्यापेक्षा मुळाकडे अधिक ओढ घेते. छिद्र आपल्याहून अरुंद असेल तर मुळाच्या टोकाला कण बाजूस सारावे लागतात, आणि हा विरोध दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० किलोग्रॅमपर्यंत चढला की बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ अगदी मंदावते. देशावरची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि दरसाल आपली घडी आपणच मोडून पुन्हा घालते. वाळूचा कण फुगतही नाही, आकसतही नाही, त्यामुळे चाकांखाली एकदा दडपलेला पुळणवट थर सहसा कुदळीवाचून मोकळा होत नाही. त्यातून खाली उतरू पाहणाऱ्या कोवळ्या मुळाला मग पुष्कळदा एकच वाट उरते: पूर्वी कधी तेथे वाढून कुजून गेलेल्या दुसऱ्या मुळाने मागे ठेवलेली पोकळी.