जटपुऱ्यातून उंट, मसाण खिडकीतून जनाजा

चंद्रपूरच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. जटपुरा दरवाजातून सुलतानाच्या इनामाने लादलेले उंट गावात शिरताहेत आणि ज्याच्यासाठी ते इनाम निघालं, त्याचा जनाजा त्याच घटकेला मसाण खिडकीतून बाहेर पडतोय, असं डोळ्यांसमोर आणा. इराणमधल्या तूस गावाबद्दल नेमकं हेच सांगतात. उंट रुदबार वेशीतून आत आले, कवी फिरदौसी रझान वेशीतून बाहेर गेला.

या कवीवरचा बोलपट १९३४ साली आपल्या मुंबईत तयार झाला. 'आलम आरा' काढणाऱ्या अर्देशीर इराणींच्या इम्पिरियल फिल्म कंपनीने १९३३ मध्ये पहिला फारसी बोलपट 'दुख्तर-ए-लोर' काढला होता. त्याच्यामागचा माणूस अब्दुलहुसेन सेपांता. प्राचीन इराणचा अभ्यास करायला हा तरुण मुंबईत आला आणि सिनेमात रमला. 'फिरदौसी'ही त्याचाच.

कथेतला सुलतान म्हणजे सोमनाथमुळे आपल्याला ठाऊक असलेला गझनीचा महमूद. तीस-पस्तीस वर्षं खपून लिहिलेलं 'शाहनामा' हे महाकाव्य फिरदौसीने त्याच्या दरबारी नेलं. हाती पडले चांदीचे वीस हजार दिरहम. कवी तडक हमामखान्यात गेला, अंघोळ केली, बाहेर येऊन सरबत प्याला आणि सगळी रक्कम हमामवाल्याला आणि सरबतवाल्याला वाटून मोकळा झाला! पुढे सुलतानाच्या रागामुळे परागंदा व्हावं लागलं ते वेगळंच. कैक वर्षांनी महमूद पस्तावला आणि साठ हजार दिनारांची नीळ उंटांवर लादून त्याने तूसला धाडली. तोवर उशीर झाला होता.

१९३४ मध्येच इराणने फिरदौसीची सहस्राब्दी साजरी केली, तूसला नवी समाधी उभारली. पण रेझा शाहला पडद्यावरचा महमूद रुचला नाही. सुलतान इतका वाईट दिसता कामा नये, म्हणून सेपांताला काही प्रसंग पुन्हा चित्रित करावे लागले. मला हा कथेवरचाच घाव वाटतो. सुलतान आधी कृतघ्न वागला नसेल, तर उंटांच्या उशिरा येण्याचं दुःख कुणाला?

उंटांची ही कथा फारसी लेखक निजामी अरूजीने फिरदौसीनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली. १११६ च्या सुमारास तो स्वतः त्या कबरीपाशी जाऊन आला होता. तरी इतिहासकार तिच्यावर पुरता विश्वास ठेवत नाहीत. मला मात्र वेशींपेक्षा पुढचा भाग मोलाचा वाटतो. फिरदौसीच्या मुलीने ते इनाम घेतलंच नाही. मग त्या पैशातून मर्व-निशापूरच्या वाटेवरची धर्मशाळा बांधली गेली.

'फिरदौसी' बोलपटानंतर दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये शिवाजी महाराजांचा नजराणा घरात येतो, पोरं दागिने घालून मिरवतात आणि तुकोबा तो परत पाठवतात. तुकोबांना नाही म्हणायला मिळालं. फिरदौसीच्या वतीने ते त्याच्या लेकीला म्हणावं लागलं, आणि सुलतानाला खरं उत्तर तिनेच दिलं.