माळवद आणि माळा

वैशाखातील दुपार आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या बाजूच्या गावांत रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. बाहेर अनवाणी पाय ठेववत नाही. पण जुन्या माळवदाच्या घरात शिरताच अंगाला गारवा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, जुनी घरे पुष्कळशी अशीच बांधलेली आढळतात.

माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या किंवा लाकडाच्या चिपा बसवितात. त्यावर पाला पसरून मातीचा जाड थर देतात आणि शेवटी पांढरीची चिकण माती चोपून बसवितात. मातीतून उष्णता फार सावकाश पुढे सरकते. दुपारचे ऊन आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत रात्र पडते. तोवर घरची माणसे अंथरुणे घेऊन माळवदावरच निजावयास गेलेली असतात!

या मातीला मात्र वजन फार. कोरड्या मातीच्या एका घनफुटाचे वजन सुमारे ४५ किलो भरते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर फूटभर माती असली, तर साडेचार टनांचा भार तुळयांवर पडतो. माळवद गळू नये म्हणून कित्येक घरांत पावसाळ्याआधी जुन्या मातीवरच नवी माती टाकीत, आणि हा भार वर्षानुवर्षे वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. तेथील घरांच्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या आणि छपरांवर मातीचे जाड थर होते. सुमारे आठ हजार माणसे दगावली; त्यांतील पुष्कळ जण झोपेतच ढिगाऱ्याखाली गाडले गेले.

कित्येकांनी माळवदाची माती उतरविली, भिंती थोड्या उंच केल्या आणि वर पत्रा घातला. खालचा कडीपाट तसाच राहिला, व पत्रा आणि कडीपाट यांच्यामध्ये ऐसपैस माळा तयार झाला. भार गेला, परंतु त्याबरोबर गारवाही गेला. पत्रा पातळ, त्यातही धातूचा. तो क्षणात तापतो आणि माळ्याची भट्टी होते. तेथे ठेवलेले बियाणे अशा उष्णतेने नासते. ते पुढे पेरले तरी नीट उगवत नाही.

यावर उपाय पिंजाऱ्याला ठाऊक आहे. दबून चपटी झालेली गादी तो उसवितो, कापूस पिंजतो आणि पुन्हा भरतो. कापूस तेवढाच असतो, मात्र गादी पुन्हा उबदार होते. कारण तंतूंमध्ये हवा कोंडली जाते, आणि कोंडलेल्या हवेतून उष्णता सहजासहजी पलीकडे जात नाही. जी हवा थंडीत ऊब राखते, तीच उन्हाळ्यात उष्णता अडविते.

याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात भात पिकतो. भाताचे कोरडे तूस कडीपाटावर वीतभर पसरले, तर उष्णता खोलीत उतरत नाही, आणि वर सांगितलेल्या खोलीवर त्याचा भार अवघा दोन-तीनशे किलो होतो. तूस धुमसत जळते, म्हणून विजेच्या तारा व चुलीचे धुराडे यांपासून ते दूर ठेवावे लागते.

सामान ठेवण्यासाठी फळ्या घालताना बहुधा एक चूक होते. फळ्या थेट तुसावर टाकल्या, की ते दबते, त्यातील हवा निघून जाते, आणि पिंजाऱ्याच्या जुन्या गादीची गत होते. जाणता सुतार खालच्या कड्यांच्या नेमके वर, तुसाच्या थराहून दोन बोटे उंच असे ठोकळे बसवितो. त्यांवर पट्ट्या ठोकतो व पट्ट्यांवर फळ्या जडवितो. त्यामुळे सामानाचा भार कड्यांवर जातो. जड पेट्या तो भिंतीलगत ठेवावयास सांगतो. माळ्यावरची तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून दोन्ही टोकांच्या भिंतींत, अगदी पत्र्याखाली, झरोके ठेवतो आणि उंदीर शिरू नयेत म्हणून त्यांना बारीक जाळी लावतो. पण या सर्वांआधी तो प्रत्येक कडीचे भिंतीत गेलेले टोक टोचून पाहतो. कारण वाळवी तेथूनच पोखरू लागते.