धुण्याआधीची पाच मिनिटे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. प्रार्थनेच्या रांगेत सातवीतली एक मुलगी उभी होती. गणवेश पांढरा, पण सलवारीवर आणि दुपट्ट्यावर गुलाबी डागच डाग. मी सगळ्यांदेखत तिला म्हटले, "हा काय गणवेश झाला? घरी कुणी बघत नाही का?" ती मान खाली घालून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी तिची अम्मी आली. चार घरची धुणीभांडी करून मुलांना शिकवणारी बाई. म्हणाली, "मॅडम, गणवेशाचा जोड एकच आहे. नवी लाल ओढणी त्याच बादलीत भिजली. दोन रात्री घासतेय, डाग निघत नाही. पोरगी म्हणते, मॅडम ओरडतील, मी जाणार नाही."

मला माझीच लाज वाटली. घरी कुणी बघत नाही, असे मी म्हटले होते आणि त्या घरात आई दोन रात्री जागली होती. ज्यांच्यासमोर बोलले होते, त्याच रांगेसमोर मी त्या मुलीची माफी मागितली. मग पालकसभेत, एरवी कुणी बोलत नाही अशा विषयावर आम्ही सगळ्या बोललो. तो विषय म्हणजे कपडे भिजवण्याआधी वेगळे कसे करायचे. तेच इथे लिहिते आहे.

परटाकडून शिकण्यासारखे

आपल्या कोल्हापुरात रंकाळ्याजवळची एक जागा 'धुण्याची चावी' म्हणूनच ओळखली जाते. धुणे हे इथे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब आहे. जुने परीट प्रत्येक घराच्या कपड्यांवर बिब्ब्याने खूण करत. ती काळी खूण कितीही धुतली तरी जात नसे, म्हणून शंभर घरांचे कपडे एकत्र येऊनही अदलाबदल होत नसे. पण खूण केली म्हणून सगळे एकत्र धूत नसत. पांढरे सुती कपडे सोडा घालून भट्टीत उकळायचे, रंगीत वेगळे ठेवायचे आणि रेशमी व लोकरी कपड्यांना रिठ्याचे पाणी वापरायचे. आधी निवड, मग पाणी, हा त्यांचा नियम. यंत्र घरात आले आणि ही निवड मात्र सुटली.

चार ढीग

पहिला ढीग पांढऱ्यांचा : गणवेश, टोप्या, कुर्ते, चादरी. दुसरा फिक्या रंगांचा. तिसरा गडद रंगांचा : काळे, निळे, लाल, मरून. चौथा नाजूक कपड्यांचा : रेशीम, लोकर, जरी, पातळ ओढण्या. हे हातानेच धुवावेत. जरीचे भारी कपडे तर जाणत्याकडेच द्यावेत. नापाक झालेला कपडा आधी वेगळा धुऊन पाक करावा आणि मगच या ढिगांत घालावा.

नवा गडद सुती कपडा पहिले तीन-चार वेळा एकटाच धुवा. रंग जातो की नाही हे पाहायचे तर शिवणीच्या आतल्या बाजूला साबणाचे पाणी लावा आणि पांढरे फडके दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला, तर तो कपडा वेगळा. मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग कायमचा पक्का होतो, या समजुतीवर विसंबू नका.

फक्त रंग पाहून भागत नाही, कापडही पाहावे लागते. जीनची पँट आणि पातळ ओढणी एकत्र घातली, तर जाड कपडा पातळ कपड्याला घासून झिजवतो. टॉवेल तंतू सोडतो आणि काळा बुरखा ते तंतू धरतो, मग ब्रशने झटकत बसावे लागते. चेन, हुक आणि बटणे लावून घ्या, नाहीतर दुसऱ्या कपड्याचा धागा ओढला जातो. खिसे तपासा. पेन खिशात राहिले, तर सगळा ढीग शाईने माखतो.

सूत ओले झाले की जास्त मजबूत होते, पण रेयॉन ओले असताना कमजोर होते. म्हणून रेयॉनचे कपडे पिळू नयेत, दाबून पाणी काढावे. आपल्या जिल्ह्यातल्या इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि तिथले सुती कापड घरोघरी गेले. त्या सुताची सवय असलेले आपले हात आजच्या मिश्र कापडालाही तसेच आपटतात. इथेच कपडा मरतो.

गळ्याजवळची छोटी पट्टी

तयार कपड्याच्या आत शिवलेली पट्टी कापून टाकण्याआधी वाचा. टबच्या चित्रात ३० लिहिले असेल, तर पाणी ३० अंशांपेक्षा गरम नको. टबमध्ये हात दाखवला असेल, तर हाताने धुवा. त्रिकोणावर फुली असेल, तर ब्लीच नको. इस्त्रीवर एक ठिपका म्हणजे मंद, दोन म्हणजे मध्यम आणि तीन म्हणजे गरम. बुरख्याचे कापड बहुधा पॉलिस्टर असते. गरम इस्त्रीने ते चकाकते किंवा आकसते. ते उलटे करून, गार पाण्यात, गडद कपड्यांबरोबर धुवा आणि सावलीत वाळवा.

डाग आधी, धुणे नंतर

रक्त, दूध, अंडे यांच्या डागांवर गरम पाणी घालू नका. डाग पक्का बसतो. बकरी ईदच्या दिवशीचे कपडे लगेच गार पाण्यात टाका. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, घाबरू नका. पांढरा सुती कपडा धुऊन उन्हात टाका, ऊनच तो डाग फिका करते. अत्तर तेलकट असते, म्हणून ते कपड्यावर न लावता अंगाला लावलेले बरे.

ब्लीच फक्त पांढऱ्या सुती कपड्यांसाठी, तेही पाण्यात मिसळून. रेशीम आणि लोकर त्याने जळतात. आणि संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

पावडर जास्त घातली म्हणून कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत. ती खळबळूनही नीट निघत नाही आणि कपडा चिकट व निबर होतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा मळकट थर कपड्यावर बसतो आणि पांढरे राखाडी दिसू लागते. अशा वेळी शेवटचे पाणी दोनदा घ्या. यंत्र ठासून भरू नका, वर हात फिरेल एवढी जागा ठेवा. पावसाळ्यात ओले कपडे बादलीत किंवा यंत्रात पडू देऊ नका, कुबट वास तिथूनच सुरू होतो.

रंग लागलाच तर

एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागला, तर तो कपडा वाळवू नका, इस्त्री करू नका. ओला असतानाच लगेच वेगळा करून पुन्हा धुवा. त्या अम्मीने पहिल्याच दिवशी गणवेश वाळवला होता, म्हणून डाग हटेना. पुन्हा पुन्हा भिजवून तो फिका झाला, पण दुपट्ट्याच्या काठाशी अजून थोडा गुलाबी रंग आहे.

आम्ही शाळेत एक कपाट रिकामे केले. मोठ्या झालेल्या मुलींचे लहान पडलेले, पण चांगले गणवेश त्यात धुऊन, घडी करून ठेवतो. ज्याला हवा तो नेतो, कुणी नाव विचारत नाही. नीट सांभाळलेला गणवेश एका मुलीचे दोन वर्षे अंग झाकतो आणि नंतर दुसरीच्याही कामी येतो. घरातली बरकत ती हीच.

ती मुलगी आता आठवीत आहे. काठाशी गुलाबी असलेला तो दुपट्टा अजून ती कधीकधी घेऊन येते. प्रार्थनेच्या रांगेत माझी नजर त्याच्याकडे जाते आणि मी काही बोलत नाही.