तांबड्या पांडाचा जमाखर्च



कामगार चळवळीत ज्याचे आयुष्य गेले, त्याने वसंत व्याख्यानमालेत एका रानातल्या प्राण्यावर बोलावे, ह्याचे आपणापैकी काहींना नवल वाटेल. परंतु पगार आणि महागाई ह्यांचा मेळ घालता घालता ज्याला जमाखर्च वाचण्याची सवय जडली, त्याला ह्या प्राण्याचे जीवन चटकन उमगते. म्हणून आज तांबड्या पांडाचा जमाखर्च आपल्यापुढे मांडतो.

प्रथम ओळख. नाव पांडा असले तरी अस्वलाएवढा, काळापांढरा थोरला पांडा तो हा नव्हे. हा मोठ्या मांजराएवढा; वजन साधारण ३ ते ६ किलो. पाठ तांबूस, पोट व पाय काळे, तोंडावर पांढरे पट्टे, आणि मागे कड्याकड्यांची झुपकेदार शेपटी. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्युव्हिए ह्याने १८२५ साली त्याला ‘आयलुरस फुलजेन्स’, म्हणजे झळाळणारे मांजर, असे शास्त्रीय नाव दिले. थोरल्या पांडाचे शास्त्रीय वर्णन त्यानंतर ४४ वर्षांनी, १८६९ साली झाले. तेव्हा पांडा हे नाव मूळचे ह्या धाकट्याचे. जगप्रसिद्धी मात्र थोरल्याच्या वाट्याला गेली.

हा मांजर नव्हे आणि अस्वलही नव्हे. त्याला कोणत्या कुळात बसवावे ह्याविषयी शास्त्रज्ञांत पुष्कळ वर्षे वाद चालला. आता त्याचे कुळ स्वतंत्र मानतात. रॅकून, स्कंक आणि मुंगसासारखे दिसणारे वीझल हे त्याचे दूरचे भाऊबंद. त्याच्या कुळातल्या प्राचीन प्राण्यांचे अवशेष युरोप-अमेरिकेतही सापडले आहेत. पण ती सारी शाखा-विस्ताराची घरे बुडाली आणि हा एकटा वारस मागे उरला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाप्रमाणे त्याच्याही हिमालयीन आणि चिनी अशा दोन जाती मानाव्या लागतात.

त्याचे घर म्हणजे नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंग-कालिम्पाँगचा डोंगराळ मुलूख, भूतान, अरुणाचल, उत्तर म्यानमार आणि नैर्ऋत्य चीन. सुमारे २२०० ते ४८०० मीटर उंचीवरच्या थंड, दमट जंगलात, जिथे वर मोठे वृक्ष आणि खाली बांबूची दाटी असते, तिथे तो राहतो.

आता जमेची बाजू पाहू. ह्याचे पूर्वज मांसाहारी. त्यामुळे आतडे आखूड. गाईम्हशींसारखी रवंथ करण्याची सोय पोटात नाही. आणि खाणे कोणते, तर मुख्यतः बांबूची पाने! खाल्लेल्याचा मोठा भाग न पचताच बाहेर पडतो. साहजिकच दिवसाचे कित्येक तास त्याला चरत राहावे लागते. वसंतात कोवळे कोंब मिळतात, पुढे रानफळे, क्वचित एखादे अंडे. पण हे झाले सणासुदीचे. रोजची मिळकत तुटपुंजी, आणि महागाई भत्ता देणारा कोणी नाही.

मग तो जगतो कसा? खर्च आवरून. शरीराची भट्टी तो मंद आचेवर ठेवतो. चरण्यातून उरलेला बराच वेळ तो झाडावर झोपून काढतो. अंगावर दाट लोकर आहे, तळपायांनाही केस आहेत. कडाक्याच्या थंडीत शेपटी अंगाभोवती घेऊन मुटकुळे करतो. बांबूची काडी धरायला मनगटाचे एक हाड वाढून जणू सहावे बोट झाले आहे. झाडावरून उतरताना घोटे फिरवून तो सरळ डोके खाली करून येतो. त्याचा तो देखणा तांबडा रंगदेखील नुसता शृंगार नव्हे. ज्या झाडांवर तो बसतो त्यांच्या खोडाफांद्यांवर तांबूस शेवाळ आणि पांढरे दगडफूल वाढलेले असते. त्यात तो मिसळून जातो, आणि खालून पाहणाऱ्याला काळे पोट सावलीत दिसत नाही. तात्पर्य, आपल्याला जे जे गोजिरवाणे वाटते, त्यातले बहुतेक काटकसरीचे आणि बचावाचे साधन आहे.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हा प्राणी मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पंजे वर करतो, तेव्हा बघणारे हसतात, टाळ्या पिटतात. प्रत्यक्षात पुष्कळदा तो घाबरलेला असतो. अंग मोठे दाखवून समोरच्याला पिटाळू पाहत असतो. आपण ज्याला नमस्कार समजतो, ती त्याची भीती असते.

ज्या घरात महिनाअखेर शिल्लक राहत नाही, त्या घराला एक आजारपण बुडवते, हे मी गिरणगावात पुष्कळदा पाहिले आहे. पांडाचे तसेच. मादी वर्षातून एकदाच विते. पिल्ले बहुधा दोन. ती तीनेक महिने ढोलीतच असतात. अशा संसाराला नवा खर्च पेलत नाही. जंगल तुटले, मधून रस्ता गेला की वस्तीचे तुकडे पडतात. मोकाट कुत्री त्याला मारतात, आणि डिस्टेंपरचा रोगही आणतात. दुसऱ्या जनावरांसाठी लावलेल्या फासात तो सापडतो. रानात आता १०,००० हूनही कमी प्रौढ पांडा उरले असावेत असा अंदाज आहे. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय यादीत तो ‘संकटग्रस्त’ ह्या वर्गात आहे.

संरक्षण नाही असे नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याचे नाव आहे. सिक्कीमने त्याला राज्यप्राण्याचा मान दिला आहे. आपली मंडळी सहलीला जातात त्या दार्जिलिंगमध्ये १९५८ साली सुरू झालेले, पुढे पद्मजा नायडूंचे नाव दिलेले प्राणिसंग्रहालय आहे. तिथे त्याची पैदास करतात. २००३ साली तिथल्या दोन माद्या सिंगालीलाच्या जंगलात सोडण्यात आल्या.

परंतु केवळ कायद्याने आणि पिंजऱ्याने हे काम पुरे होणार नाही. त्या जंगलात सरपण गोळा करणारी बाई आणि याक चारणारा गुराखी हेही तुटपुंज्या मिळकतीचेच धनी आहेत. पांडासाठी त्यांची चूल विझवायची, हा न्याय नव्हे. आणि तो टिकणारही नाही. पूर्व नेपाळात ह्याची जाण दिसते. तिथे गावकऱ्यांनाच मानधन देऊन पांडाची राखण सोपवली आहे. कमी लाकूड जाळणाऱ्या चुली दिल्या आहेत. कुत्र्यांना लस टोचणे हेही असेच साधे, पण मोलाचे काम आहे.

पांडाचे चित्र पाहून ‘किती गोड!’ असे म्हणायला काही पडत नाही. तो वाचावा असे मनापासून वाटत असेल, तर त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाच्या मजुरीचा प्रश्न त्याच कागदावर लिहावा लागेल. दोघांचा जमाखर्च एकाच जंगलाच्या वहीत मांडलेला आहे.