खडा केवढा, यापेक्षा दाह केवढा

सोनोग्राफीचा कागद हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला: "खडा किती मिलिमीटरचा?" पित्ताशयाच्या तीव्र दाहाची गंभीरता ठरवणाऱ्या निकषांत मात्र खड्याच्या आकाराला जागाच नाही. कळ किती जोराची आहे, यालाही नाही.

शिकागोचे सर्जन जॉन मर्फी यांच्या नावाची खूण जुनी. उजव्या बरगडीखाली बोटं दाबून ठेवली की रुग्णाचा श्वास घेता घेता अडकतो. त्यावरून दाहाचा संशय पक्का होतो, पण त्याची तीव्रता कळत नाही. ती मोजण्याची सर्वमान्य पट्टी २००६ साली टोकियोत भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून निघाली आणि २००७ मध्ये छापून आली. तिच्यात पायऱ्या तीन: सौम्य, मध्यम, गंभीर.

यातली मधली पायरी मला नेहमीच चमत्कारिक वाटत आली आहे. पांढऱ्या पेशी १८,००० च्या वर, हाताला लागणारा दुखरा गोळा, दुखणं सुरू होऊन ७२ तास उलटलेले, पित्ताशय सडलेलं किंवा भोवती पू झालेला. यांतलं एक जरी असलं तरी आजार मध्यम. पण ही पायरी आखली गेली ती शस्त्रक्रिया अवघड जाईल का, हे पाहून. सूज जुनी झाली की आतलं सगळं एकमेकांना चिकटतं, दुर्बिणीतून वाट सापडत नाही. म्हणजे मधली पायरी सर्जनची अडचण मोजते. रुग्णाचा जीव मोजते ती तिसरी. रक्तदाब औषधांवर टिकवावा लागतो, शुद्ध हरपते, श्वास कमी पडतो, क्रिएटिनिन २ च्या वर जातं, प्लेटलेट लाखाच्या खाली उतरतात. दोन वेगळ्या गोष्टी एकाच शिडीवर चढवल्या गेल्या.

२०१३ च्या आवृत्तीनं निदान पक्कं म्हणायला सोनोग्राफीसारख्या तपासणीचा पुरावा सक्तीचा केला. २०१८ मध्ये पायऱ्या होत्या तशाच राहिल्या, त्यांचा अर्थ तेवढा बदलला. तोवर गंभीर रुग्णाच्या पित्ताशयात आधी नळी घालायची, ऑपरेशन नंतर, असा शिरस्ता होता. आता रुग्णाचे इतर आजार आणि भूल सोसण्याची ताकद वेगळी मोजून, अनुभवी केंद्रात, निवडक गंभीर रुग्णांवरही दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला मुभा मिळाली. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. जास्त जोखमीच्या १४२ रुग्णांत मोठी गुंतागुंत शस्त्रक्रियेनंतर १२ टक्के, तर नळीनंतर ६५ टक्के निघाली. अर्थात अतिदक्षता विभागात आधीच दाखल असलेले, अतिगंभीर रुग्ण त्या चाचणीत घेतलेले नव्हते. त्यांच्यासाठी नळीचा पर्याय अजून उभा आहे.