पावतीवरचं शून्य

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मेन, मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट या राज्यांत, हिवाळ्यात घर ऊबदार ठेवण्यासाठी आजही लाखो घरांत तेल जळतं. तळघरात साधारण २७५ गॅलनची, म्हणजे हजारेक लिटरची लोखंडी टाकी असते. टँकर येतो. ड्रायव्हर लांबलचक नळी ओढत घराच्या भिंतीपाशी नेतो, तेल सोडतो आणि शिट्टी ऐकत उभा राहतो. तेल आत शिरतं तशी टाकीतली हवा बाहेर पडते आणि वाटेतली शिट्टी वाजवते. टाकी भरत आली की शिट्टी थांबते. मग तो नळी गुंडाळतो, दाराला एक कागद अडकवतो आणि पुढच्या घरी जातो. घरातली माणसं कामावर गेलेली असतात. किती तेल आलं हे पाहायला तिथे कुणीच नसतं.

त्या कागदावरच्या आकड्यावर घरमालकानं विश्वास का ठेवायचा? या प्रश्नाचं उत्तर कित्येक दशकं एका पूर्ण यांत्रिक पेटीनं दिलं. तिला वीज लागत नव्हती आणि आकडा लिहिणारा हातही लागत नव्हता. टँकरमधून वाहणारं तेलच आपली पावती छापत असे.

सुरुवात मीटरपासून करू. दूधवाला लिटरचं माप बुडवतो, ओततो, पुन्हा बुडवतो आणि किती मापं झाली ते मोजतो. टँकरवरच्या मीटरमध्ये नेमकं हेच चालतं, फक्त माप नळीच्या आतच बसवलेलं असतं. एका घट्ट पेटीत फिरणारी पाती किंवा रोटर असतात. त्यांच्यात आणि पेटीच्या भिंतीत ठरावीक आकाराच्या खोल्या तयार होतात. पंपाच्या दाबानं येणारं तेल एक खोली भरतं, रोटर ढकलतं आणि पलीकडे रिकामं होतं. रोटरच्या एका फेऱ्यात किती तेल गेलं हे पेटीच्या आकारानंच ठरवून टाकलेलं असतं. म्हणून फेरे मोजले की तेल मोजलं.

या मापाला दोन दुखणी आहेत. पहिलं झिजेचं. रोटर झिजला की फटीतून थोडं तेल मोजलं न जाता निसटतं, म्हणजे जुना मीटर सहसा ग्राहकाला पदरचं तेल देतो आणि नुकसान विक्रेत्याचं होतं. दुसरं दुखणं हवेचं आणि ते ग्राहकाच्या मुळावर येतं. खोलीत तेल भरलंय की हवा, हे रोटरला कळत नाही. टँकरचा कप्पा रिकामा होत आला आणि पंपानं हवा ओढली, तर मीटर ती हवाही तेलाच्या भावानं मोजेल. म्हणून मीटरच्या आधी एक भांडं बसवलेलं असतं. त्यात तेलाचा वेग मंदावतो, हवा वर जमते आणि झडपेतून बाहेर पडते. पावतीच्या खरेपणात या साध्या भांड्याचा वाटा फार मोठा आहे.

आता मोजणी. रोटरचा दांडा गिअरमार्फत आकड्यांच्या चाकांना फिरवतो. एककाच्या चाकाचा एक फेरा पूर्ण झाला की दशकाचं चाक एक घर पुढे सरकायला हवं. शाळेत आपण ज्याला ‘हातचा एक’ म्हणतो, तो इथे पितळी दातांनी द्यायचा असतो. वडिलांच्या करवसुलीच्या हिशेबासाठी ब्लेझ पास्कलनं १६४२ मध्ये गणनयंत्र बनवायला घेतलं, तेव्हा त्यालाही खरी झुंज या हातच्याशीच द्यावी लागली होती. ९९९९ चे १०००० होताना सगळी चाकं एकदम हलवावी लागतात आणि तो सगळा भार पहिल्या चाकावर येतो.

हा प्रश्न स्वस्तात आणि टिकाऊपणे सोडवणाऱ्यांत कर्टिस व्हीडर हे नाव मोठं. त्यांनी १८९५ मध्ये कनेटिकटमधल्या हार्टफर्ड गावी कारखाना काढला तो सायकलींसाठी. पुढच्या चाकाला बसवायचा, किती मैल झाले ते दाखवणारा इवलासा गणक ते विकत. १९२८ मध्ये ही कंपनी ब्रिस्टलच्या रूट कंपनीत मिळून ‘व्हीडर-रूट’ झाली. कारखान्यातल्या यंत्रांवर, पेट्रोल पंपांवर आणि तेलाच्या टँकरांवर तिचे आकडे फिरू लागले. सायकलचे मैल मोजणारं डोकं तेलाचे गॅलन मोजू लागलं, यात मला मोठी सुसंगती दिसते. दोन्हीकडे मूळ काम एकच, फेरे मोजणं.

पण गणकाच्या खिडकीत दिसणारा आकडा पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी पुसला जातो. तो कागदावर उतरवायचा तर ड्रायव्हरनं पाहून लिहायचा आणि तिथेच चुकीला वाव. छापणाऱ्या पेटीनं हा दुवाच काढून टाकला. खिडकीतल्या चाकांवर रंगवलेले आकडे असतात. त्यांच्या जोडीला चाकांचा दुसरा संच, ज्यावर आकडे रबरी शिक्क्यासारखे उलटे आणि उठावाचे. दोन्ही संच एकाच गिअरवर चालतात, त्यामुळे एक फिरला आणि दुसरा मागे राहिला असं होत नाही. ड्रायव्हर कोरी पावती फटीत सरकवतो आणि मूठ फिरवतो. चाकं शून्यावर आलेली असतात, ते शून्य कागदावर दाबलं जातं. अनेक यंत्रांत पावती इथेच पकडली जाते, मधे काढता येत नाही. तेल भरून झाल्यावर पुन्हा मूठ फिरवायची: शेवटचा आकडा छापला जातो आणि मगच पावती सुटते. कार्बनमुळे खालच्या प्रतींवरही तोच आकडा उमटतो. शिवाय प्रत्येक छपाईला एक क्रमांक पुढे सरकतो, म्हणजे मधलीच एखादी पावती गायब केली तर क्रमात खिंडार दिसतं.

दुसऱ्या जातीच्या यंत्रात शून्य नसतंच. त्यातली चाकं कधीच मागे फिरवता येत नाहीत. समजा सुरुवातीला ४८२१३६ छापलं आणि शेवटी ४८२२८९, तर वजाबाकी १५३ गॅलन. पुढच्या घराची पावती ४८२२८९ पासूनच सुरू झाली पाहिजे. दिवसभराच्या पावत्या अशा साखळीसारख्या एकमेकींत अडकलेल्या राहतात. घरमालकाला शून्याची पावती वाचायला सोपी. पण हिशेब तपासणाऱ्याला विचाराल तर साखळीची पावती कितीतरी सरस आहे आणि माझंही मत तिच्याच बाजूनं पडतं.

यंत्र इतकं पक्कं असूनही एक पळवाट उरते. पावती आधीच आत घालून शून्य छापून ठेवलं, पहिल्या घरी ५० गॅलन सोडले, पावती तशीच ठेवून दुसऱ्या घरी १०० सोडले, तर दुसऱ्या घराच्या हातात १५० ची पावती येईल. प्रत्येक आकडा यंत्रानं खरा छापलेला आणि तरी पावती खोटी. म्हणून अमेरिकेच्या मापन नियमांच्या ‘हँडबुक ४४’ मध्ये एक कलम आहे: तेल सोडण्याच्या अगदी आधीच पावती यंत्रात घालायची आणि टँकर सार्वजनिक रस्त्यावर चालत असताना यंत्रात पावती असताच कामा नये. लबाडी कुठून शिरू शकते याचा इतका बारीक विचार केलेला नियम मला फार मोलाचा वाटतो.

राहिलं तापमान. डिझेल किंवा घरगुती जळणाचं तेल तापलं की फुगतं. १,००० लिटर तेल २० अंश सेल्सिअसनं तापलं तर साधारण १६-१७ लिटरनं वाढतं, पण त्यातली ऊब काही वाढत नाही. यावरही यांत्रिक उतारा निघाला. मीटरमधल्या तेलात एक द्रवभरली कांडी बुडवलेली असते. तेल तापलं की कांडीतला द्रव फुगतो, एक भाता ढकलतो आणि तो भाता गिअरचं गुणोत्तर किंचित बदलतो. आकडा मग ठरावीक तापमानाला असलेल्या तेलाचा छापला जातो. हे सगळं विजेच्या एकाही तारेशिवाय.

या पावत्यांचा एक उपयोग यंत्र बनवणाऱ्यांच्या मनातही नसावा. दिवसाचं सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे ‘डिग्री-डे’. सरासरी ३५ असेल तर ३०. दोन पावत्यांमधल्या डिग्री-डेंची बेरीज केली आणि तिला भरलेल्या गॅलननी भागलं, की त्या घराला तेल किती लागतं याचा स्वभाव कळतो. एखादं घर ६ डिग्री-डेंना एक गॅलन जाळत असेल, तर ९०० डिग्री-डेंनंतर १५० गॅलन संपले असं धरायचं. मालकानं फोन करायच्या आधीच टँकर दारात उभा, तो याच हिशेबावर. तिकडे राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्या हिवाळ्यात ही न मागता आलेली पावती दारावर दिसते, त्यामागे हे गणित असतं.

आता मीटरवर इलेक्ट्रॉनिक गणक आले आहेत. रोटर तोच राहिला, पण फेऱ्यांचे विद्युत-ठोके होतात आणि आकडा संगणकात साठतो. सोय वाढली, यात शंका नाही. मात्र उठावाच्या चाकांनी कागदात दाबलेला आकडा वर्षानुवर्षं वाचता येतो. आपल्या पेट्रोल पंपावर अनेकदा मिळणारी गुळगुळीत थर्मल पावती शाईची नसते आणि उन्हात-उष्णतेत काही महिन्यांत कोरी होऊ शकते. महत्त्वाची असेल तर तिची झेरॉक्स लगेच काढून ठेवावी.

मार्च २०१८ मध्ये इंडियन ऑइलनं पुण्यात घरपोच डिझेल द्यायला सुरुवात केली आणि टँकरवरचा मीटर आपल्या दारात आला. पंपावर पाच लिटरचं माप मागून तपासणी करून घेण्याचा हक्क आपल्याला आहे, तीच नजर इथेही हवी. सोसायटीच्या जनरेटरसाठी डिझेलचा टँकर येईल तेव्हा कुणीतरी एकानं खाली उतरावं, मीटरवरचं वैध मापन शास्त्र विभागाचं सील शाबूत आहे का ते पाहावं, आकडा शून्यावर आलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघावा आणि मगच नोझल उघडू द्यावं.